ग्राफिक्स कार्ड बदलताय? आधी जुना ड्रायव्हर मुळापासून काढा

लातूर असो, जालना असो की परभणी, नवं कार्ड टाकल्यावर स्क्रीन काळी पडली किंवा रिझोल्यूशन अडकलं की एकच सल्ला मिळतो: "विंडोज मारून घ्या." मला हा सल्ला अजिबात मान्य नाही. ऐन लग्नसराईत मिक्सिंगवाल्याच्या मशीनवर फॉरमॅट मारला की एडिटिंगचं सॉफ्टवेअर, प्लगइन, फॉन्ट सगळं पहिल्यापासून बसवत बसावं लागतं. आणि दोष बहुतेक वेळा जुन्या ड्रायव्हरच्या (म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मागे राहिलेल्या फायलींत आणि नोंदींत असतो.

आधी दोन गोष्टी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या: कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून नव्या कार्डाचा ड्रायव्हर, आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअर मशीनवर घेऊ नका. कार्ड जुन्या बाजारातलं असेल तर त्याला चालणारी ड्रायव्हर मालिका बघून घ्या. एनव्हिडियाच्या केपलर पिढीतल्या कार्डांना 470 ही शेवटची मालिका; त्यापुढचा ड्रायव्हर त्यांच्यावर चढतच नाही.

आता खरं अवघड काम. ह्याच टप्प्याने मला सुरुवातीला फार छळलं, म्हणून सविस्तर सांगतो.

इंटरनेट बंद करा. लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा, मोबाइलचं टेदरिंगही तोडा. जुना ड्रायव्हर निघाला की विंडोजला कार्ड बिनड्रायव्हरचं दिसतं, आणि नेट चालू असेल तर विंडोज अपडेट गुपचूप स्वतःकडचा ड्रायव्हर आणून बसवायला लागतं. तेवढ्यात तुम्ही तुमचा इन्स्टॉलर सुरू करता. दोन्ही एकाच वेळी एकाच कार्डावर काम करतात आणि मग ड्रायव्हर अर्धवट बसतो, स्क्रीन लुकलुकते, किंवा इन्स्टॉलर मध्येच थांबतो. लोक डीडीयू चालवतात, पण नेट चालूच ठेवतात, आणि वर म्हणतात की डीडीयूने काही होत नाही. केबल काढायचा कंटाळा करणार असाल तर पुढचं काहीच करू नका.

मग सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरत्याच गोष्टी चालू ठेवून उघडलेलं विंडोज. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जा, तिथलं रीस्टार्ट दाबा आणि यादी आली की 4 दाबा. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमधून सेफ बूट लावायचा सल्ला मी देत नाही, कारण तो आपण काढेपर्यंत तसाच राहतो. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, पासवर्ड लागू शकतो. तो आठवला नाही तर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उघडतं आणि तुम्ही दाराबाहेर. म्हणून पासवर्ड आधी तपासा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

डीडीयूमध्ये जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) निवडा आणि पुढे जुन्या कार्डाची कंपनी निवडा. नव्याची नव्हे, इथे पुष्कळ जण गोंधळतात. 'क्लीन अँड शटडाउन' करा. दोन्ही कार्डं एकाच कंपनीची असली तरी मी हे करतोच.

मशीन बंद झालं की कार्ड बदला. पॉवरच्या वायरी घट्ट बसवा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता नव्या कार्डालाच लावा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, 8 पिनच्या वायरीतून 150. वीज कमी पडली तरी गेम किंवा रेंडर चालू होताच स्क्रीन जाते आणि दोष उगाच ड्रायव्हरवर येतो.

चालू केल्यावर चित्र मोठं, ओबडधोबड दिसेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या यादीत, 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' असेल. हेच हवं आहे. पेन ड्राइव्हवरून ड्रायव्हर चढवा. मधे काही सेकंद स्क्रीन काळी होते, तेव्हा बटणाला हात लावू नका. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे विजेच्या बॅकअपशिवाय हे काम सुरूच करू नका. घरचा इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर वीज बदलून घ्यायला त्याला जो वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. रीस्टार्ट झाल्यावर नेट जोडा.

एवढं करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि 'कोड 43' दिसत असेल तर ड्रायव्हर परत परत बसवणं थांबवा. मायनिंगमधून (क्रिप्टो नाणी मिळवण्याच्या कामातून) आलेल्या आरएक्स 570, 580 कार्डांचं बायोस, म्हणजे कार्डातच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर, अनेकदा बदललेलं असतं आणि एएमडीचा ड्रायव्हर तसं बायोस स्वीकारत नाही. काही कार्डांच्या कडेला दोन बायोसमधलं एक निवडायचं बारीक बटण असतं. मशीन बंद करून ते दुसऱ्या बाजूला सरकवून बघा. तरी नाहीच जमलं तर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. जुनी चिप घालून 1050 टीआयचं नाव चिकटवलेली कार्डं बाजारात फिरतात, आणि जीपीयू-झेड बऱ्याचदा त्यांच्या नावापुढे 'फेक' असं सरळ दाखवतं. शेवटी कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही 43 आला तर विकणाऱ्याने दिलेली मुदत संपायच्या आत कार्ड परत करा.