हाडं शिकताना या चुका टाळा: व्हायवात (तोंडी परीक्षेत) पोरं जिथं हमखास अडकतात

फर्स्ट इयरला आलेलं पोरगं, मग ते नर्सिंगचं असू दे, फिजिओचं असू दे नाहीतर बीएएमएसचं, हाडं शिकायला बसलं की आधी २०६ हा आकडा पाठ करतंय आणि मग फीमर (मांडीचं), टिबिया (नडगीचं), फिब्युला (नडगीच्या बाजूचं बारीक) अशी घोकंपट्टी सुरू. आठ दिवसांनी विचारा, नावं धडाधडा येतात, पण हातात हाड दिलं की वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं यावरच गाडी अडकते. बेळगावला खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडनं पोरं येतात, कुणी मराठी मीडियमचं कुणी कन्नड मीडियमचं, आणि इथं वर्गात बसल्याबरोबर सगळं इंग्लिशमध्ये, त्यामुळं पाठांतराकडं ओढा जातोय हे कळतंय मला. पण हाडांचं पाठांतर टिकत नाही ओ. हाड हातात धरून, आपल्याच अंगावर लावून शिकलात तर टिकतंय, आणि खालच्या बहुतेक चुका तेवढ्यानंच सुटतात.

२०६ चा हिशोब न मांडणं

व्हायवात २०६ कुणी विचारत नाही, ते सगळ्यांना येतंय. विचारतात ते "एका हातात किती, सांग." मग पोरगं वर छताकडं बघतंय. एकदा वहीत बेरीज मांडून टाका की. मधल्या अक्षावरची ८०: कवटी नि चेहरा मिळून २२, दोन्ही कानातली बारकी ६, गळ्यातलं हायॉइड १, मणक्यांची रांग २६, बरगड्या २४ आणि छातीचं हाड १. उरलेली १२६ हातापायांची, एका हाताला ३२ आणि एका पायाला ३१, खांदा नि कंबर धरून. हात आणि पाय सारखे का नाहीत? खांद्याला क्लॅव्हिकल (हासळी) आणि स्कॅप्युला (खांद्याचं पातं) दोन, कमरेला हिप बोन एकच. मनगटात ८, घोट्याच्या भागात ७. पायाला गुडघ्याची वाटी जास्तीची. एवढं जमवलंत की ३२ आणि ३१ परत पाठ करायला लागत नाहीत.

मणके ३३ की २६ हा गोंधळ तर दरवर्षीचा. लहानपणी ३३, मोठेपणी सेक्रमचे (कमरेखालच्या हाडाचे) ५ जुळून एक आणि कॉक्सिक्सचे (माकडहाडाचे) साधारण ४ जुळून एक, म्हणून २६. जन्मलेल्या बाळात २७० ते ३०० च्या आसपास हाडं मोजतात, ती अशीच जुळत जुळत कमी होतात. आणि प्रत्येकाच्या अंगात बरोब्बर २०६ असतात असंही समजू नका, कुणाला मानेत जास्तीची बरगडी असते, कुणाच्या कवटीच्या शिवणीत जास्तीचे तुकडे असतात, पायाच्या अंगठ्याखाली दोन बारीक सेसमॉइड, म्हणजे स्नायूच्या दोरीत बसलेली हाडं, असतात ती तर या हिशोबात धरलेलीच नाहीत.

लांब दिसलं की लाँग बोन

ही सगळ्यात मोठी चूक. लाँग, शॉर्ट, फ्लॅट, इर्रेग्युलर, सेसमॉइड हे पाच प्रकार आकारावरनं पाडलेत, फूटपट्टी लावून नाही. बोटाचं शेवटचं पेर, सेंटिमीटर दोन सेंटिमीटरचं, ते लाँग बोन. आणि बरगडी, वीतभर लांब, ती फ्लॅट. हे ऐकून पोरं म्हणतात "सर हे कसं काय?" तर बघा, लाँग बोनला मधे दांडा पाहिजे, दोन्हीकडं फुगीर टोकं पाहिजेत, आणि बहुतेकांत दांड्याच्या आत पोकळी असते. बोटाच्या पेरात हे सगळं आहे, छोट्या मापात. बरगडीत असला दांडा नाही, आत पोकळी नाही, दोन पातळ घट्ट पत्रे आणि मधे जाळीदार हाड, त्यात लाल मगज. म्हणून फ्लॅट. छातीचं हाड, खांद्याचं पातं आणि कवटीच्या वरच्या भागातली हाडं पण ह्याच गटात.

आता क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालची हासळी. परीक्षकांचं लाडकं हाड. लाँग बोन आहे पण आडवं पडलेलं, आत नेहमीसारखी मगजाची पोकळी नाही, आईच्या पोटात सगळ्यात आधी हाड बनायला हेच सुरू होतंय, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आणि तेही बहुतेक पडद्यातनं, कुर्च्यातनं (कार्टिलेजमधनं) नाही. एवढे अपवाद एकाच हाडात, मग ते विचारणार नाहीत तर काय. क्लॅव्हिकलवर अर्धा तास जास्त घालवा, वाया जात नाही.

शॉर्ट म्हणजे मनगटातली आणि घोट्यातली, लांबी-रुंदी-जाडी साधारण सारखी. पण मनगटातलं पिसिफॉर्म सेसमॉइड पण धरतात, कारण ते स्नायूच्या दोरीत बसलंय. गुडघ्याची वाटी सगळ्यात मोठं सेसमॉइड, मांडीच्या पुढच्या स्नायूच्या दोरीत. मणके नि हिप बोन इर्रेग्युलर. हिप बोन रुंद नि पसरट दिसतंय म्हणून फ्लॅट लिहून येणारे दरवर्षी भेटतात, तसं लिहू नका. काही ठिकाणी न्यूमॅटिक असा सहावा प्रकारही शिकवतात, ज्यात हवेच्या पोकळ्या असतात, मॅक्झिला, फ्रंटल, स्फिनॉइड, एथमॉइड. सर्दी झाल्यावर गाल नि कपाळ ठणकतंय ते ह्याच पोकळ्यांमुळं.

आतलं न बघताच डायग्राम काढणं

डायफिसिस (दांडा), एपिफिसिस (टोक), मेटाफिसिस (दोन्हींमधला भाग) ही नावं पोरं सुंदर लेबल करतात पण म्हंजे नक्की काय ते डोळ्यापुढं नसतंय. मटण खात असाल तर ह्या रविवारी खाटकाकडनं नळी आणा आणि एक उभी चिरून घ्या. बाहेरचा घट्ट पांढरा भाग तो कॉम्पॅक्ट बोन. टोकाला चिरलेल्या जागी बारीक जाळी दिसते ती स्पाँजी. मधला मगज जो आपण चोखतो तो पिवळा मॅरो, चरबीच. सांध्याच्या टोकावरचा गुळगुळीत निळसर-पांढरा थर म्हणजे आर्टिक्युलर कार्टिलेज. हाडावरनं नखानं पातळ पापुद्रा सुटतोय तो पेरिऑस्टियम, आणि तो सांध्याच्या कार्टिलेजवर नसतो, हा प्रश्न हमखास येतोय. बोकड कोवळं असेल तर शिजल्यावर नळीचं टोक वेगळं निघून येतंय बघा, ते निघतंय वाढीच्या प्लेटपाशी, एपिफिसियल प्लेटपाशी, कारण तिथं अजून कुर्चाच आहे. लहान पोराच्या एक्स-रेमधे तीच जागा काळ्या रेघेसारखी दिसते आणि नवखा माणूस तिला फ्रॅक्चर समजतोय. फक्त एक लक्षात ठेवा, नळीवरनं रचना शिका, नावं शिकू नका, कारण शेळीच्या पायात दोन मेटाकार्पल जुळून एकच हाड झालेलं असतंय. आणि वर्गातल्या जैन-लिंगायत मित्रांच्या डब्यापुढं हा प्रयोग काढू नका, त्यांना कॉलेजच्या म्युझियममधलं चिरलेलं फीमर दाखवा.

स्पाँजी म्हणजे मऊ, हाही गैरसमज काढून टाका. ते हाडच आहे, कडक, फक्त जाळीदार. ती जाळी कशीही विणलेली नसते, वजन ज्या दिशेनं येतंय त्या रेषेत तिच्या पट्ट्या असतात, फीमरच्या मानेचा एक्स-रे नीट बघितला तर दिसतात. कॉम्पॅक्टमधे ऑस्टिऑन, म्हणजे गोल थरांचे उभे नळ, असतात, मधे उभा हॅव्हर्शियन कॅनाल, आणि त्यांना आडवे जोडणारे व्होल्कमन कॅनाल. क्लॉप्टन हॅव्हर्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं १६९१ साली हे छापलं, म्हणून त्याचं नाव. स्पाँजीच्या पट्ट्यांत सहसा असले ऑस्टिऑन नसतात, तिथं ऑस्टिऑन काढून आलात की मार्क गेले.

हाड कशाचं बनलंय हे विचारलं की "कॅल्शियम" एवढंच उत्तर येतंय. साधारण दोन भाग क्षार, एक भाग कोलॅजनसारखा सेंद्रिय भाग. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमधे काही दिवस बुडवून ठेवा, क्षार निघून जातात आणि हाड रबरासारखं वाकतंय. उलट जाळलं तर कोलॅजन जातंय आणि हाड हातात चुरा होतंय.

ब्लास्ट आणि क्लास्टची अदलाबदल

हाडातल्या पेशींत ब्लास्ट (ऑस्टिओब्लास्ट) हाड बांधतो, क्लास्ट (ऑस्टिओक्लास्ट) कुरतडतो. ब ला ब, क ला क, झालं. पुढचा प्रश्न असतोय क्लास्ट कुठनं आला, तर तो रक्तातल्या मोनोसाइटच्या घराण्यातला, बऱ्याच केंद्रकांचा मोठा पेशी. ब्लास्टचा तो भाऊ नव्हे. ब्लास्ट स्वतःच बांधलेल्या हाडात अडकला की तो ऑस्टिओसाइट.

साइड चुकणं

साइड म्हणजे हाड उजवं की डावं. सगळ्यात जास्त मार्क इथं जातात. पोरं हाड टेबलावर ठेवतात, समोरनं बघतात आणि आरशातल्यासारखं उलटं सांगतात. टेबलावरनं साइड सांगायची नाहीच. हाड उचला, आपल्या अंगावर लावा, जसं आत बसलंय तसं, मग बोला. फीमर असेल तर गोळा वर आणि आतल्या बाजूला, मागं उभी खरबरीत रेघ, लिनिया अ‍ॅस्पेरा. उजव्या मांडीला लावून गोळा आत आला नि रेघ मागं गेली तर उजवं, गोळा बाहेर गेला तर डावं. यात पाठ करण्यासारखं काहीच नाही.

हातासाठी आधी तळहात पुढं करून उभं राहा. टेबलावर हात पालथा ठेवून रेडियस-अल्ना (कोपर ते मनगटाची दोन हाडं) शिकणारे गोंधळतात, कारण हात पालथा केला की रेडियस अल्नावरनं आडवा जातोय. तळहात पुढं केलात की रेडियस अंगठ्याकडं, बाहेरच्या बाजूला. आणि आता ऐका, रेडियसचं हेड वर, कोपरापाशी, पण अल्नाचं हेड खाली, मनगटापाशी. दरवर्षी निम्मा वर्ग अल्नाचं हेड वर सांगतोय, कारण "हेड म्हंजे वरचंच असणार की." मनगटाच्या मागं करंगळीच्या बाजूला जो गोल उंचवटा लागतोय ना, तेच अल्नाचं हेड, आत्ता चाचपून बघा.

असंच बाकीचं पण अंगावर चाचपा. नडगीवर हात फिरवला की टिबियाची पुढची कड. आतला घोटा टिबियाचा, बाहेरचा फिब्युलाचा, आणि बाहेरचा थोडा खाली उतरलेला असतोय. मान वाकवली की मागं जो मणका ठळक वर येतोय तो बहुतेकांचा मानेचा सातवा. कमरेवर हात ठेवलात की हाताखाली इलियमची (हिप बोनच्या वरच्या भागाची) कड, तिचा सगळ्यात उंच भाग साधारण चौथ्या लंबर (कमरेच्या) मणक्याच्या पातळीला, पाठीत सुई घालताना डॉक्टर तिथनंच अंदाज घेतात. आणि इलियमचं स्पेलिंग लिहिताना सांभाळा, हाडाच्या स्पेलिंगमधे मधे आय आहे, ई लिहिलंत की ते लहान आतडं झालं.

फिब्युला सगळ्यांनाच छळतंय, दोन्ही टोकं सारखीच वाटतात. खालचं टोक चपटं असतंय, त्याच्या आतल्या बाजूला तिकोनी गुळगुळीत जागा आणि त्या जागेच्या मागं एक खड्डा. खड्डा मागं, गुळगुळीत जागा आत, एवढ्यावर साइड सुटते.

न्यूट्रियंट फोरामेनची दिशा

हे भोक म्हणजे हाडात रक्तवाहिनी शिरायची जागा. त्याची दिशा हातात कोपराकडं, पायात गुडघ्यापासनं लांब. कारण हाताची हाडं खांद्याकडच्या नि मनगटाकडच्या टोकाला जास्त वाढतात, पायाची गुडघ्याकडं, आणि भोक वाढणाऱ्या टोकाच्या उलट्या दिशेला तोंड करतंय. हाडावर भोक सापडलं की बारीक तार घालून बघा कुठं जाते. टिबियाचं भोक मोठं असतंय, सुरुवात तिथनं करा.

बरगड्या

१ ते ७ खऱ्या, ८ ते १२ खोट्या, आणि ११-१२ तरंगत्या, पण तरंगत्या ह्या खोट्यांतच मोजायच्या. ७ अधिक ५ अधिक २ करून १४ जोड्या सांगणारे बघितलेत.

नुसतं प्लॅस्टिक सेट आणि मोबाइल अ‍ॅपवर राहणं

सीनियरकडनं प्लॅस्टिक सेट घ्या, हरकत नाही, पण स्वस्त सेटमधे खरबरीत जागा घासून गुळगुळीत झालेल्या असतात आणि बारकी भोकं नसतातच. अ‍ॅपवर हाड फिरवायला छान वाटतंय पण हाताला वजन कळत नाही. डिसेक्शन हॉलमधे खरी हाडं असतात, तिथं वेळ घालवा. आणि ती हाडं कुणाची तरी आहेत हे विसरून सेल्फी काढू नका. आपल्याच बेळगावात २०१० साली डॉ. महांतेश रामण्णवर यांनी वडिलांनी दान केलेल्या देहाचं, त्यांच्याच इच्छेप्रमाणं, स्वतः विच्छेदन करून विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

व्हायवात डोकं बंद पडलं तर

हाड हातात आल्यावर लगेच तोंड उघडू नका. अंगावर लावा. मग प्रकार सांगा, मग नाव, मग साइड आणि साइड का ते दोन खुणा दाखवून. नाव आठवत नसलं तर "हे लाँग बोन आहे, हे वरचं टोक, इथं सांधा होतोय" असं दिसतंय ते बोलत राहा, परीक्षक बहुतेक वेळा पुढं ढकलतात. मनगटाची आठ हाडं विचारली तर अंगठ्याकडनं सुरू करायची: स्केफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, परत अंगठ्याकडं येऊन ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. करंगळीकडनं सुरू केलं की नावं लक्षात राहायला पाठ केलेली इंग्लिश वाक्यं पण उपयोगाची नाहीत. आणि एवढं सांगितल्यावर सर विचारतातच, "यातलं पडल्यावर जास्त कुठलं मोडतंय?" स्केफॉइड म्हणा, अंगठ्याच्या मुळाशी जो खड्डा पडतोय तिथं बोट दाबून दाखवा, आणि त्याचा रक्तपुरवठा लांबच्या टोकाकडनं उलटा येतोय म्हणून जवळचा तुकडा जुळायला वेळ लागतोय, कधी मरतोय पण, हे न विचारता सांगून टाका.