यूकेत स्वतःचा धंदा? पहिल्या जानेवारीचे पैसे आत्तापासून बाजूला ठेवा

यूकेत सेल्फ-एम्प्लॉइड झालं की टॅक्सचं पहिलं मोठं बिल दीडपट येतं आणि नेमके तेव्हा खात्यात पैसे नसतात. म्हणून इन्व्हॉइसचे पैसे आले की त्याच दिवशी ३०% वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात टाका, हात लावू नका.

हिशोब बघा. इंग्लंडमध्ये राहता, दुसरी कमाई नाही, खर्च वजा जाता नफा २४,५७० पौंड. पहिल्या १२,५७० वर काही नाही, उरलेल्या १२,००० वर २०% इन्कम टॅक्स म्हणजे २,४०० आणि ६% क्लास ४ नॅशनल इन्शुरन्सचे (एनआय, म्हणजे पेन्शनसारख्या सरकारी लाभांसाठीची वर्गणी; क्लास ४ हा सेल्फ-एम्प्लॉइड लोकांच्या नफ्यावरचा प्रकार) ७२०, झाले ३,१२०. पण ३१ जानेवारीला एचएमआरसी (यूकेचं टॅक्स खातं) पुढच्या वर्षाच्या टॅक्सचा अर्धा भागही आगाऊ घेतं, १,५६०, म्हणजे भरायचे ४,६८०! आणि ३१ जुलैला परत १,५६०. बिल हजाराच्या आत असेल तर हे हप्ते नाहीत.

रिटर्न एप्रिल-मेमध्येच भरून टाका, पैसे तरीही जानेवारीतच द्यायचेत, पण आकडा कितीतरी आधी कळतो.

एक मात्र सांभाळा, नफा साधारण सात हजारांच्या खाली असेल आणि नोकरीतूनही एनआय जात नसेल तर क्लास २ (एनआयचा दुसरा प्रकार) स्वतःहून भरा, नाहीतर ते वर्ष स्टेट पेन्शनला धरत नाहीत.