पहिले रिव्हॉल्व्हर कसे निवडावे

रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरले की बहुतेकजण आधी दुकानात जातात आणि मग कागदपत्रांकडे वळतात. क्रम याच्या उलट असावा, कारण भारतात काय घेता येईल हे प्रथम कायदाच ठरवतो. शस्त्र परवान्यासाठी अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. अर्ज पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडे आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे घरात आजोबांची बारा बोअरची बंदूक आपल्या नावावर असेल तर तीही या दोनांत मोजली जाते, हे अर्ज करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची (इंचांत), निवड फारशी अवघड नाही. .३८० आणि .४५५ ची काडतुसे चालणारी रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित गटात मोडतात, त्यामुळे सर्वसामान्य परवानाधारकासमोर मुख्यतः .३२ बोअर उरतो. हे काडतूस जुने असून त्याचा धक्का सौम्य असतो. नेमबाजीच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात आजही अनेक स्पर्धक हेच काडतूस वापरतात. ज्याने कधी शस्त्र हाताळलेले नाही, त्याच्यासाठी हा सौम्यपणा मोठा गुण आहे. धक्क्याची धास्ती बसली की चाप दाबण्याआधीच मनगट आकसते आणि नेम जातो.

कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात वर्षानुवर्षे आहे. वेब्ले या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या या शस्त्राची नळी खटका दाबल्यावर खाली झुकते आणि सहाही काडतुसे एकदम वर उचलली जातात. २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आले, त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चे सिलिंडर, म्हणजे काडतुसे भरायचा फिरता गोल भाग, बाजूला उघडतो. मॉडेल कोणतेही असो, केवळ हलके आहे म्हणून निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हलके शस्त्र जवळ बाळगायला सोयीचे असते, पण तेच काडतूस हलक्या शस्त्रातून झाडले की धक्का अधिक जाणवतो. त्यातच नळी आखूड असेल, तर नेम धरण्यासाठी नळीवर असलेली पुढची माशी आणि मागची खाच यांतील अंतर कमी राहिल्याने नेमातली बारीक चूकही लक्ष्यावर मोठी होते.

निवडीचा खरा निकष चाप हाच आहे. दुकानदाराच्या परवानगीने शस्त्र उघडून काडतुसांची सहाही घरे रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी, डमी (दारू नसलेली) काडतुसे भरून घ्यावीत आणि नळी दुकानदार सांगेल त्याच सुरक्षित दिशेला ठेवावी. मग मूठ धरून, घोडा (काडतुसावर आघात करणारी मागची हातोडी) न चढवता, चाप सावकाश शेवटपर्यंत ओढावा आणि नजर माशीवर ठेवावी. अशा वेळी चाप बराच जड लागतो. माशी एका बाजूला झुकत असेल, तर एक तर मूठ आपल्या हाताला मोठी आहे किंवा चाप आपल्या बोटाच्या ताकदीपलीकडचा आहे. बोटाचे पहिले पेर चापावर सहज पोहोचले पाहिजे. त्यासाठी मनगट फिरवावे लागत असेल तर ते शस्त्र आपले नव्हे. नक्षी, चकाकी किंवा चंदनी मूठ पाहून यावर तडजोड करू नये.

वैयक्तिक आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद असल्याने जुनी विलायती रिव्हॉल्व्हर आजही भारी किमतीला विकली जातात. अशा वापरलेल्या शस्त्राची तपासणी सवडीने करावी. घोडा सावकाश मागे ओढून सहाही घरांवर सिलिंडर नेमके जागेवर बसते का, हे पाहावे; एखाद्याच घरावर ते मागे राहत असेल तरी नाकारावे, कारण काडतूस नळीच्या रेषेत नसताना गोळी सुटली तर शिशाचे तुकडे बाजूला उडतात. चाप दाबून धरल्यावर सिलिंडर हलवून पाहावे; किंचित हालचाल चालते, खडखडाट चालत नाही. प्रकाशाकडे धरल्यावर सिलिंडर आणि नळी यांच्यातील फट बारीक आणि सर्वत्र सारखी दिसावी. मधोमध उघडणाऱ्या शस्त्राची बिजागरी सैल झाली आहे का, हे नळी आडवी हलवून कळते. नळीच्या आत गंजाचे खड्डे असतील तर पॉलिशने ते जात नाहीत. शस्त्रावरील क्रमांक कागदांशी जुळवावा आणि व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावा.

प्रशिक्षणाकडे औपचारिकता म्हणून पाहू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षण आवश्यक केले आहे, आणि ते घेतानाच वेगवेगळ्या मुठी हाताळायला मिळाल्या तर दुकानातला निर्णय सोपा होतो. शस्त्राच्या खर्चातच कुलपाच्या पोलादी पेटीचा खर्च धरावा. ती भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की करावी, काडतुसे वेगळ्या कप्प्यात ठेवावीत आणि किल्ली मुलांच्या माहितीच्या जागी कधीही ठेवू नये. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडणे हा आता स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे. निवडणुकीच्या काळात पोलिसांनी शस्त्र जमा करण्यास सांगितल्यास पावती घेऊनच ते द्यावे.

खरेदीच्या दिवशी शस्त्राचा क्रमांक, बोअर आणि काडतुसांची संख्या परवान्यावर बिनचूक नोंदली गेली आहे का, हे दुकानातच वाचून घ्यावे, आणि परवान्यात दिलेल्या मुदतीत ते शस्त्र तपासणीसाठी हजर करावे.