गच्चीवर चोवीस तास: स्पेक्ट्रम मोजण्याआधीची तयारी

शनिवारी नागपुरात लक्ष्मीनगरातल्या गच्चीवर स्पेक्ट्रमचं, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचं, मोजमाप लावायचं आहे: कुठला पट्टा किती वापरात आहे ते बघायला. सगळ्यात आधी ५० ओहमचा टर्मिनेटर (अँटेनाच्या जागी यंत्राला लावायचं टोपण) पिशवीत टाका. अँटेना राहिला तर कुणाकडून तरी मागून आणता येईल, पण बोटाच्या पेराएवढी ही वस्तू रात्री कुठे मिळायची नाही. १९९९ मध्ये जोसेफ मिटोला यांनी कॉग्निटिव्ह रेडिओ (मोकळा पट्टा स्वतः शोधून वापरणारा रेडिओ) हा शब्द वापरला, तेव्हापासून स्पेक्ट्रम वाटून वापरण्याचा सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा आहे: हा पट्टा आत्ता मोकळा आहे का? आपल्याला काही ऐकू आलं नाही, म्हणून तो मोकळा ठरत नाही. जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा आवाजाच्याही (नॉइज, म्हणजे सतत असणारी विद्युत खरखर) खाली बुडालेला असतो. ग्राफवर तिथे सपाट रेघ दिसते, आणि तेवढ्या वेळात शहरातले सगळे फोन त्याच्यावरच रस्ता शोधत असतात.

म्हणून अँटेनाच्या जागी टर्मिनेटर लावून यंत्राचा स्वतःचा आवाज अर्धा तास नोंदवा. १० किलोहर्ट्झच्या बँडविड्थला (एका वेळी मोजलेल्या पट्ट्याच्या रुंदीला) उष्णतेमुळे येणाऱ्या आवाजाची, म्हणजे निसर्गाची, मर्यादा सुमारे -१३४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली ताकद). तुमचं यंत्र त्याच्या किती वर आहे ते वहीत लिहा. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर गेलं की पट्टा ‘वापरात’ धरायचा ती रेघ, त्यावरून ठरवायचा. फार खाली ठेवला तर नुसता आवाजच ‘वापर’ म्हणून मोजला जातो, फार वर ठेवला तर दूरचं क्षीण स्टेशन निसटतं. थ्रेशोल्ड न सांगता दिलेल्या वापराच्या टक्केवारीवर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

१० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड) हवाच. नागपुरात ९८.३ आणि १००.६ ही एफएम स्टेशनं इतकी जोरात येतात की स्वस्त डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, हेच आपलं यंत्र) गुदमरतं आणि १०२.९ वर तिसरीच टेकडी उभी करतं (१००.६ ची दुप्पट वजा ९८.३, हिशेब करून बघा). ॲटेन्युएटर लावल्यावर टेकडी १० डीबीने उतरली तर ती खरी, ३० च्या आसपास कोसळली तर ती तुमच्याच यंत्रात जन्मली. अशा भुतांपायी आमची एक अख्खी रात्र वाया गेली आहे. एफएम अडवणारा फिल्टर असेल तर तोही घ्या. फक्त एफएमचा पट्टा मोजताना काढायला विसरू नका.

डिस्कोन अँटेना (तबकडी आणि शंकूच्या आकाराचा, अनेक फ्रिक्वेन्सींना चालणारा), जाड आणि शक्य तितकी आखूड केबल, एन कनेक्टर, वर गुंडाळायला रबर टेप. लॅपटॉप, चार्जर, पाणी.

डिस्कचा हिशेब घरीच करा. सेकंदाला २४ लाख नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे तासाला १७ जीबीच्या वर आणि दिवसाला चारशेच्या वर. कच्चा डेटा दर तासाला दहा सेकंद ठेवा, बाकी वेळ फक्त पॉवरचे आकडे. सावकाश स्वीप केलं (एकेक फ्रिक्वेन्सी क्रमाने मोजत गेलं) तर जीएसएम मोबाइलचा ५७७ मायक्रोसेकंदांचा स्लॉट (एका फोनच्या वाट्याचा वेळ) हातून सुटतो, म्हणून सगळा स्पेक्ट्रम एकदम मोजायचा मोह आवरा. ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झचा डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल) आणि ८६५ ते ८६८ चा लायसन्समुक्त पट्टा, एवढे दोनच नीट मोजा. घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या.

घरमालकाला आधी भेटा आणि काकूंना विचारा, कूलर कुठल्या खिडकीला आहे? त्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सगळे खालच्या फ्रिक्वेन्सीवर आवाज करतात. बंद करा असं म्हणायचं नाही, मे महिन्यात कोण करेल! कधी चालू, कधी बंद, तेवढं टिपून ठेवा. डोंगल सावलीत ठेवा. तापलं की त्याच्यातल्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी सरकते, आणि ९०० मेगाहर्ट्झला एक पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे ९०० हर्ट्झ.

दुपारनंतर ढग भरून आले, लांबवर वीज चमकली, की मोजणी थांबवायची, केबल यंत्रातून काढायची आणि सगळ्यांनी खाली यायचं. अँटेना राहू द्या तिथेच.