शेतजमीन हयातीतच मुलाबाळांच्या नावे कशी करावी

बाप गेल्यावर वारस नोंद होतेच, मग आताच घाई कशाला, असे म्हणणारी घरे पुष्कळ आहेत. पण वारस नोंदीने फक्त सगळ्यांची नावे एकाखाली एक 7/12 वर चढतात. कोणाची बाजू कुठली, विहीर कोणाची, वाट कुठून, हे त्यात ठरत नाही. ते ठरवू शकणारा माणूस एकच असतो आणि ते त्याने हयातीतच करावे. खालची माहिती महाराष्ट्रातल्या शेतजमिनीची आणि हिंदू वारसा कायद्यात येणाऱ्या कुटुंबांची आहे (बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबेही त्यातच येतात). मुस्लिम कुटुंबांत हिस्से आणि मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत.

1. आधी कागद गोळा करा

8अ काढा, म्हणजे गावातल्या तुमच्या खात्यावर कोणकोणते गट आहेत ते कळेल. मग प्रत्येक गटाचा 7/12, गटाचा नकाशा आणि जमीन तुमच्याकडे कशी आली ते दाखवणारे जुने फेरफार घ्या. 7/12 वाचताना चार गोष्टी बघायच्या.

भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2? कुळकायद्याने किंवा शासनाकडून मिळालेली जमीन वर्ग 2 असेल, तर परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही. तहसीलमध्ये हे आधी विचारून घ्या, नाहीतर दस्त होतो आणि फेरफार नामंजूर होतो.

इतर हक्कात बोजा आहे का? सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज असेल तर ते फेडून बोजा कमी करून घ्या, किंवा बँकेचे संमतीपत्र आणा.

नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.पु.' आहे का? पूर्वी थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा पुढारी म्हणून लागे. ती जमीन त्याच्या एकट्याची नसते. बाकीच्या भावांचे वारस आधी नोंदवावे लागतात, आणि बहुतेक वाटण्या इथेच अडकतात. तसेच, अज्ञान असताना लागलेली 'अ.पा.क.' (अज्ञान पालक कर्ता) ची नोंद मूल सज्ञान झाले तरी आपोआप जात नाही. अर्ज देऊन ती काढून घ्या.

2. जमीन स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित

स्वतः विकत घेतलेली जमीन तुम्ही कोणालाही देऊ शकता. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मात्र मुलांचा जन्मतः हक्क असतो, आणि 9 सप्टेंबर 2005 पासून मुलींचाही मुलांइतकाच. त्या तारखेला वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी तेवढी टिकते. 1956 चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतर वडिलांच्या पश्चात वारसाने आलेली प्रत्येक जमीन कायद्याने 'वडिलोपार्जित' ठरतेच असे नाही. एवढा एक मुद्दा तरी फेरफार दाखवून वकिलाकडून तपासून घ्या.

वडिलोपार्जित जमिनीची बाप आणि मुले वाटणी करतात तेव्हा आईलाही मुलाइतका हिस्सा असतो. म्हणजे आई, वडील, दोन मुलगे, एक मुलगी असतील तर पाच हिस्से. 1 हेक्टर 60 आर जमीन असेल तर प्रत्येकी 32 आर.

3. कागदाआधी बांधावर वाटणी

ही पायरी लोक उरकून टाकतात आणि पुढची वीस वर्षे भांडतात. नुसते क्षेत्र सारखे करून भागत नाही. काळी आणि मुरमाड, विहिरीजवळची आणि टोकाची, रस्त्याकडची आणि आतली जमीन एका मोलाची नसते. कमी प्रतीचा हिस्सा घेणाऱ्याला क्षेत्र जास्त द्या. 7/12 वरचा पोटखराबाही (लागवडीला न येणारे क्षेत्र) एकाच्याच वाट्याला जाऊ देऊ नका.

विहीर किंवा बोअर सामाईक ठेवायचा असेल तर पाण्याची पाळी दिवस ठरवून लिहा. मोटर कोणाची, वीजबिल कसे वाटायचे, दुरुस्तीचा खर्च कोणत्या प्रमाणात, पाइपलाइन कोणाच्या हद्दीतून जाणार, तीही वाक्ये दस्तात हवीत. वाटेचे तसेच. आतल्या हिस्सेदाराला बैलगाडी नव्हे, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र जाईल एवढी रुंदी द्या. रस्ता कोणत्या बाजूने, किती फूट, हे कच्च्या नकाशावर दाखवून सगळ्यांच्या सह्या घ्या. बांधावरची आंब्याची झाडे, गोठा, कांदाचाळ, शेततळे हेही नाव घेऊन लिहा.

आणि तुकडेबंदी विसरू नका. 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचे 10 गुंठे केले आहे. त्याहून लहान हिस्सा पाडता येत नाही. एक एकर जिरायतीचे पाच वाटे केले तर प्रत्येकी 8 गुंठे होतात, ते चालणार नाहीत. अशा वेळी एकाने जमीन घ्यावी आणि बाकीच्यांना घर, दुसरा गट किंवा रोख द्यावी, नाहीतर जमीन एकत्र ठेवून 7/12 वर फक्त आणेवारी (कोणाचा हिस्सा किती ते प्रमाण) लावावी.

4. योग्य कागद निवडा

वडिलोपार्जित जमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज हा स्वस्त रस्ता. 7/12, 8अ, जुने फेरफार, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि चतुःसीमेसह कच्चा नकाशा जोडायचा. सगळ्या हिस्सेदारांना नोटीस जाते, जबाब होतात, मग आदेश. एकाने जरी हक्काचाच वाद काढला तरी प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते. म्हणून बहिणींना 'नंतर सही घेऊ' म्हणून बाजूला ठेवू नका. दुसरा पर्याय म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत वाटणीपत्र. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतला.

स्वकष्टार्जित जमीन आताच द्यायची असेल तर बक्षीसपत्र. पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक 200 रुपये आहे. वर स्थानिक अधिभार किती लागेल ते निबंधक कार्यालयात विचारा. दोन साक्षीदार, स्वीकारणाऱ्याची सही आणि नोंदणी सक्तीची. एकदा दिलेले बक्षीस मनात आले म्हणून परत घेता येत नाही. 'लाभार्थीने देणाऱ्याचा सांभाळ करावा' ही अट दस्तात स्पष्ट लिहा. सांभाळ झाला नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली दाद मागताना तीच अट उपयोगी पडते.

मरेपर्यंत ताबा स्वतःकडे ठेवायचा असेल तर मृत्युपत्र. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावीच. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे, आणि ज्याला जमीन मिळणार त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान असतील तर बरे, पुढे जबाब द्यायला ते लागतात. वडिलोपार्जित जमिनीत फक्त तुमच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र चालते.

हक्कसोडपत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीवरचा 'पुढे मिळणारा' हक्क मुलीकडून सोडवून घेतात. जो हक्क अजून मिळालेलाच नाही तो सोडता येत नाही, त्यामुळे असा कागद टिकत नाही. हक्कसोड वारसाने हक्क मिळाल्यावर होते, सहहिस्सेदाराच्याच लाभात, आणि नोंदणी करून.

सगळेच देऊन मोकळे होऊ नका. भरले ताट द्यावे, बसायचा पाट देऊ नये. वडिलांच्या आणि आईच्या नावे एकेक हिस्सा राहू द्या, किंवा पत्नीचे नाव लक्ष्मी मुक्ती योजनेखाली अर्ज देऊन स्वतःच्या 7/12 वर सहधारक म्हणून लावून घ्या.

5. फेरफार आणि मोजणी

आदेश किंवा दस्त झाल्यावर तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) नोंदीसाठी द्या. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचे असते. नोटिशीनंतर 15 दिवस हरकतीची मुदत, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. प्रमाणित झालेला फेरफार हाती घेऊन नाव, हिस्सा आणि क्षेत्र त्याच दिवशी तपासा.

7/12 वेगळे झाले म्हणून नकाशा वेगळा होत नाही. भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करा, सगळ्या हिस्सेदारांना मोजणीच्या दिवशी हजर ठेवा, हद्दीच्या खुणा लागताच दगड पुरा.

शेवटी 8अ नवा काढून पीककर्ज, पीकविमा आणि शेतकरी ओळखपत्राचे तपशील बदलून घ्या. पीएम किसानचा विचार मात्र वाटणीआधीच करायचा. त्या योजनेत 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर आलेल्याला लाभ मिळत नाही, फक्त खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन अपवाद आहे. म्हणजे हयातीत वाटून घेणाऱ्या मुलांना हप्ता सुरू होणार नाही, आणि वडिलांच्या नावे काहीच उरले नाही तर त्यांचाही बंद होईल.