पर्यावरणाच्या मुद्द्यावर स्थानिक निवडणूक लढवताय? या चुका टाळा

टेकडी वाचवायला रविवारी सकाळी जी गर्दी जमते, ती मतदानाच्या दिवशी कुठे जाते कुणास ठाऊक. पर्यावरणाचा मुद्दा घेऊन ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेला उभ्या राहिलेल्या बहुतेकांना हा अनुभव येतो. मग पैसा, जात, पक्ष यांच्या नावाने खडे फोडले जातात. त्यात तथ्य असतंच. पण बाकीच्या चुका घरच्या असतात आणि त्या अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या असतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक पहिलीच आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

खुर्चीच्या हातात नाही ते देऊ करणं

‘नदी स्वच्छ करू’, ‘डोंगर फोडणं बंद करू’, ‘कारखान्यांचा धूर थांबवू’. पत्रकावर छान दिसतं. पण मुरूम-दगडाच्या उत्खननाचा परवाना महसूल खात्याकडून मिळतो, कारखान्याच्या सांडपाण्यावर आणि धुरावर नजर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची, आणि पूररेषा आखतो जलसंपदा विभाग. विरोधी उमेदवार कोपरासभेत एवढंच विचारतो, ‘अहो, हे नगरसेवकाच्या कुठल्या अधिकारात बसतं?’ तिथे तुम्ही अडखळलात की पुढचं कुणी ऐकत नाही.

खरं तर हातात असतं ते कमी नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी जे १८ विषय दिलेत, त्यांत पर्यावरणाचं संरक्षण स्वतंत्र विषय म्हणून आहे. कचरा, नाले, मैलापाणी शुद्धीकरण, झाडं, बांधकाम परवानग्या, विकास आराखड्याचा मसुदा आणि या सगळ्याला लागणारं अंदाजपत्रक या गोष्टी महापालिकेतच ठरतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपर्यंत शहराचा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. हा अहवाल किती उमेदवारांनी उघडून पाहिलेला असतो? त्यात तुमच्या शहरात रोज किती मैलापाणी तयार होतं आणि त्यातलं किती शुद्ध होतं, हे प्रशासनाने स्वतः लिहून दिलेलं असतं. दोन आकड्यांमधला जो फरक आहे तो थेट नदीत जातो. ‘नदी स्वच्छ करू’ म्हणण्याऐवजी ‘आपल्या प्रभागातला अमुक नाला मैलावाहिनीला जोडलेला नाही, तो जोडायची तरतूद पहिल्या अंदाजपत्रकात मागणार’ असं म्हणा. लोकांना तो नाला माहीत असतो. नाकाने माहीत असतो.

ग्रामपंचायतीत तर हे आणखी रोखठोक आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. म्हणजे सांडपाण्याचे शोषखड्डे, पाणीपुरवठा, कचरा यांना पैसे नव्हतेच असं सरपंचाला म्हणता येत नाही. गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत ठरतो आणि ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी असेल ती. मागच्या दोन-तीन वर्षांची ग्रामसभेची इतिवृत्तं काढून बसा. कुठला ठराव झाला, कुठल्या कामाचा निधी कुठे वळला, हे त्यातून कळतं. प्रचाराचं निम्मं साहित्य त्या रजिस्टरमध्ये असतं.

आराखडा न वाचता विरोध करणं

‘विकासाला आमचा विरोध नाही, पण…’ असं सुरू होणारं भाषण मतदार ‘पण’ पर्यंतच ऐकतो. त्यापेक्षा विकास आराखड्याचा नकाशा घेऊन जा. कुठे बागेचं आरक्षण होतं आणि तिथे आता काय आहे, नाल्याची मूळ रुंदी किती होती, निळी पूररेषा कुठून जाते, हे दाखवा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला जो पूर आला, त्यानंतर दक्षिण पुण्यातल्या माणसाला ओढ्याचं पात्र म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. नकाशा मात्र त्याने पाहिलेला नसतो. आराखड्यात बदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे हरकती-सूचना मागवाव्या लागतात. तुम्ही आधी कधी मुदतीत हरकत नोंदवली असेल, तर तिची पोच प्रचारात दाखवा. अशी एक पोच दहा फ्लेक्सच्या तोडीची आहे.

मात्र नकाशा दाखवताना त्यावर कुणाची तरी जमीन आहे हे विसरू नका. पुणे महापालिकेत १९९७ मध्ये आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. माजी महापौर वंदना चव्हाण यांच्यासारख्यांनी आणि शहरातल्या संस्थांनी ते लावून धरलं आणि २०१५ मध्ये सरकारने त्यावर शिक्कामोर्तब केलं. शहराच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. पण त्या टेकड्यांचा बराच भाग खासगी मालकीचा, मोबदला म्हणून ठरलेला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) आठ टक्के. ज्याच्या आजोबांची जमीन त्या रंगात गेली, त्याला ‘ऑक्सिजनचा कारखाना’ वगैरे सांगायला गेलात तर तो तुम्हाला दारातही उभं करणार नाही आणि त्याचं काही चुकतही नाही.

चिपळूणमध्ये हीच गाठ वेगळ्या प्रकारे बसली आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून लोक रस्त्यावर उतरले. पण पूररेषेचा नकाशा समोर आला तेव्हा हरकती घेणारेही चिपळूणकरच होते, कारण रेषेच्या आतलं जुनं घर पुन्हा बांधायचं कसं हा त्यांचा प्रश्न होता. अशा ठिकाणी ‘पूररेषेत बांधकाम नको’ एवढंच म्हणणारा उमेदवार अर्धं शहर गमावतो. आधीच्या बांधकामांचं काय, जोत्याची उंची, पर्यायी जागा, मोबदला यावर तुमचं म्हणणं काय ते लेखी तयार ठेवा. ते सगळ्यांना पटणार नाही, पण तुम्ही पळ काढला असं कुणी म्हणणार नाही.

‘पर्यावरण’ म्हणून मत मागणं

शहराच्या कडेला वाढलेल्या एखाद्या सोसायटीत प्रचाराला गेलात की काय होतं? क्लबहाउसमध्ये पंधरा-वीस माणसं, एक पंखा, चहा. उमेदवार हवामानबदलावर सुरू करतो. मागच्या खुर्चीवरच्या बाई मेंटेनन्सचं पत्रक काढतात आणि टँकरच्या खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवतात. ‘हे कधी कमी होणार तेवढं सांगा.’ इथे ‘तेच तर सांगतोय’ म्हणायचं आणि पुन्हा हवामानबदलाकडे वळायचं, ही नेहमीची चूक. त्या रकान्यातूनच बोलायला हवं. बांधकाम परवानगी देताना पाणी कुठून येणार याची हमी कुणी लिहून दिली होती, सोसायटीचा सांडपाणी प्रकल्प चालू आहे की फक्त भोगवटा पत्रापुरता (राहायला येण्याच्या परवानगीपुरता) बसवला होता, बोअरचं पाणी किती खोल गेलंय? हे प्रश्न पर्यावरणाचेच आहेत, फक्त बिलाच्या बाजूने आलेले. बाई तुमच्याइतक्याच पर्यावरणवादी आहेत, त्यांना तो शब्द लागत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट सगळे सांगतात, पण सोयीचा भागच सांगतात. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत, असे नियम त्या गावाने पाळले. हे नियम जाहीरनाम्यात छापून मतं मिळाली नव्हती. पाणलोटाची कामं झाली, विहिरींना पाणी आलं, आणि मग पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरू लागलं. आधी हाती पाणी आलं, मग पिकांचा हा हिशेब आला. उलट्या क्रमाने जाणारा उमेदवार पहिल्याच सभेत ‘हा आपल्याला ऊस लावू देणार नाही’ या एका वाक्यात संपतो.

आणि काम चांगलं असलं की मतं आपोआप पडतात, या भ्रमात तर राहूच नका. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचे सरपंच राहिलेल्या भास्करराव पेरे पाटलांनी गाव नावारूपाला आणलं, कर भरणाऱ्याला दळण फुकट ही कल्पना राज्यभर गाजली. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्याच पाटोद्यात त्यांच्या मुलीला हार पत्करावी लागली. नळाला पाणी येतंय ते कुणामुळे, हे पाच वर्षांनी लोकांच्या डोक्यात नसतं. पुढचं काय, हे प्रत्येक वेळी नव्याने सांगावं लागतं.

कागदात अडकणं

आंदोलनातला माणूस अर्जाच्या बाबतीत हटकून ढिला असतो. त्यामुळे हे जरा कोरडं, पण वाचाच.

ग्रामपंचायत कायद्यात सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असलं, पण तुम्ही त्याच जागेत राहून त्याचा उपभोग घेत असाल, तरी तुम्ही सुटत नाही. गायरान वाचवा म्हणून उभं राहायचं आणि आपल्याच गोठ्याची भिंत गायरानात निघायची, हे विरोधक शोधून काढणारच. अर्जाआधी मोजणी करून घ्या. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरून दाखला घ्या. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांची (दोनपेक्षा जास्त नकोत ही) अट, शौचालयाचा दाखला, राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध नसणं, १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी उत्तीर्ण असणं, हे सगळं छाननीच्या टेबलावर निघतं. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा, त्याच प्रभागाच्या मतदार यादीतला लागतो. पर्यावरणवाद्यांचे मित्र शहरभर विखुरलेले असतात, म्हणून हे सांगावं लागतं.

आंदोलनातले गुन्हे शपथपत्रात लिहायला लाजू नका आणि विसरूही नका. रास्ता रोको केला होता, गुन्हा दाखल झाला होता, तर तो नमूद करा. लपवलेला गुन्हा पुढे निवडच धोक्यात आणतो. नमूद केलेला गुन्हा सभेत अभिमानाने सांगता येतो.

प्रभागाची प्रारूप रचना आणि प्रारूप मतदार यादी जाहीर होते तेव्हा हरकतींची मुदत थोडी असते. तेव्हाच यादी घेऊन बसा. तुमची टेकडीशेजारची वस्ती पलीकडच्या प्रभागात गेली असेल, तर ते प्रचारात कळून उपयोग नाही.

एकट्याने लढणं, किंवा कुणालाही सोबत घेणं

मुंबई सोडली तर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. चार जागांच्या प्रभागात मतदार अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबतो. एकटा अपक्ष एवढ्या मोठ्या प्रभागात घरोघरी पोचूच शकत नाही, आणि यंत्रावर अपक्षांची नावं पक्षांच्या खाली येतात. म्हणून बाकीच्या तीन जागांवर माणसं हवीत. कचऱ्यावर काम करणारी एखादी, रिक्षा संघटनेतला एखादा, वस्तीतली बचतगटवाली. सगळे टेकडीप्रेमी असले तर टेकडीभोवतीचीच मतं मिळतात.

गावात पक्षचिन्ह नसतं, पॅनेल असतं, म्हणजे एकत्र लढणारा गट. आणि पॅनेल ठरवायला बसलं की कोपऱ्यात क्रशरवाला येऊन बसतो. गाड्या त्याच्या, डिझेल त्याचं, जेवणावळ त्याची. ‘आधी निवडून तर येऊ’ असं म्हणून त्याला एक जागा दिली की तुमच्या ओढ्याच्या वाळूचा विषय तिथेच संपला, कारण पहिल्याच सभेत तुमच्या उपसरपंचपदासाठी त्याचं एक मत लागतं. इथे मी तरी कडक आहे. एक जागा कमी लढवा, पण ज्याच्या धंद्यावर तुमचा जाहीरनामा बोलतो त्याला पॅनेलमध्ये घेऊ नका.

पिशव्या आणि बाकडी

थोडक्यात सांगतो. निवडून आल्यावर प्रभागाचा निधी नाव छापलेल्या कापडी पिशव्या, बादल्या आणि बाकड्यांवर उडवणारे नगरसेवक लोकांनी पाहिलेत. तुम्ही प्रचारातच तशा पिशव्या वाटल्यात तर तुमच्यात आणि त्यांच्यात फरक राहत नाही. फ्लेक्सही नकोत. झाडाला खिळा ठोकून लावलेला तुमचा फलक समाजमाध्यमांवर फिरला की बाकी प्रचार विसराच.

हरल्यावर गायब होणं

निकालानंतर ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, हरलेल्यानेही. दिला नाही तर राज्य निवडणूक आयोग अपात्र ठरवू शकतो आणि पुढची निवडणूक हातची जाते. अनेक अपक्ष इथेच बाद होतात, तेही चहा-पत्रकांच्या किरकोळ पावत्या न जमवल्यामुळे.

दुसरं म्हणजे, मतमोजणीचे केंद्रनिहाय आकडे मागून घ्या. ज्या केंद्रावर अनपेक्षित मतं पडली, तिथे आधी जा. बहुतेकदा तिथे एखादा नाला, कचऱ्याचा ढीग किंवा तोडलेलं वडाचं झाड असतं. ३१ जुलैला पर्यावरण अहवाल आला की त्यातले तुमच्या प्रभागाचे आकडे काढून जिंकलेल्या नगरसेवकाला पत्र द्या, पोच घ्या. आराखड्यातला फेरबदल जाहीर झाला तर हरकत टाका आणि सुनावणीला त्या केंद्रावरची दहा माणसं सोबत न्या.