औषधांचा डबा कुणाच्या हाताला लागणार?

गेल्या जूनमध्ये सासूबाईंचा अंगठा विळीवर चिरला. फणस चिरत होत्या, हाताला तेल लावलेलं, आणि हात सटकला. आम्ही नाशिकचे; मी ऑफिसात, नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत, घरात फक्त सासरे आणि सातवीतला मुलगा. आमच्याकडे प्रथमोपचाराचा डबा होता, मीच मोठ्या हौसेने केलेला, लाल झाकणाचा. पण तो होता बेडरूममधल्या कपाटावर, सुटकेसच्या मागे. मुलाने स्टूल लावून काढला. आत निघालं काय, तर तापाच्या गोळ्यांच्या चार अर्धवट पट्ट्या, खोकल्याची चिकट बाटली, बंद पडलेला थर्मामीटर आणि शाळेच्या बॅजची पिन. शेवटी सासऱ्यांनी जखमेत हळद दाबली आणि वरून उपरणं गुंडाळलं. डॉक्टरांनी आधी ती हळद धुऊन काढली, सासूबाई कळवळल्या, आणि मग तीन टाके पडले.

तेव्हापासून मी डबा माझ्यासाठी भरत नाही. ज्याच्यावर तो उघडायची वेळ येईल त्याच्यासाठी भरते, म्हणजे चष्मा न सापडणाऱ्या सासऱ्यांसाठी आणि हात थरथरणाऱ्या मुलासाठी. पावसाळ्याच्या तोंडावर मी काय काय करते ते एकदा लिहूनच ठेवते.

पहिलं काम विकत आणायचं नाही, टाकायचं. जुना डबा वर्तमानपत्रावर उपडा करायचा. गोळ्यांच्या पट्टीवर मुदतीची तारीख बहुतेक एकाच टोकाला असते, आणि आपण कात्रीने नेमकं तेच टोक आधी कापतो. नाव किंवा तारीख वाचता येत नाही ती पट्टी गेली. फोडून महिना उलटलेले डोळ्यांचे थेंब गेले. कुणाच्या तरी मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक्स तर नक्की गेली. ती डब्यात राहिली की ‘मलाही तेव्हा असंच झालं होतं’ म्हणत कुणीतरी घेतंच. टाकतानाही गोळ्या पट्टीतून काढून, चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीत बांधून टाकायच्या, म्हणजे कुणाच्या हाती लागत नाहीत.

नवरा एक गंमत सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी हवी असं होतंच, पण ठरवून दिलेल्या वस्तूंशिवाय त्या पेटीत दुसरं काहीही ठेवू नये, असंही कलमातच लिहिलेलं होतं. बॅजच्या पिनांचा अनुभव कायदा करणाऱ्यांनाही असावा.

डबा पारदर्शक घ्या, दोन खटक्यांचा, एका हाताने उघडणारा. कुलूप नको. स्वयंपाकघरात गॅसजवळ नको, बाथरूममध्ये तर नकोच. वाफेने आणि ओलीने गोळ्या मऊ पडतात, चिकटपट्टीचा चिकटपणा जातो. मी सामानाचे दोन भाग केले. पट्ट्या, गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड), बँडेज हॉलमधल्या टीव्हीखालच्या कप्प्यात, मुलाच्या हाताला लागेल असे. गोळ्या वेगळ्या डबीत, उंचावर. गल्लीतली लहान पोरं घरात येत-जात असतात, आणि गोड आवरणाची गोळी त्यांना चॉकलेटसारखीच दिसते. सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको, पण गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगाला पाणी चढायला लागलं की तळमजल्यावरचा टीव्हीखालचा कप्पा उपयोगाचा नाही. त्यांनी डब्याऐवजी पाठीला लावता येईल अशी पिशवीच दाराजवळच्या खुंटीला अडकवावी.

आता जखमेचं सामान, आणि इथे हात आखडू नका. तयार मिळणाऱ्या पेट्यांमध्ये बोटाला लावायच्या छोट्या पट्ट्या ढीगभर असतात आणि खरं रक्त थांबवायला एक लहानसा गॉज. प्रमाण उलटं हवं. निर्जंतुक गॉजची पाकिटं निदान दहा, त्यातली चार-पाच तळहाताएवढी मोठी. गुंडाळीचं बँडेज दोन रुंदींचं, प्रत्येकी दोन. मायक्रोपोर टेप (कागदी चिकटपट्टी) एक, आणि त्याचं टोक दुमडून ठेवा, नाहीतर नखाने टोक शोधण्यातच वेळ जातो. हातमोज्यांच्या चार जोड्या. बोथट टोकाची कात्री, जी दुसऱ्या कुठल्याही कामाला घ्यायची नाही. काटा-कुसळ काढायला चिमटा, सेफ्टी पिना, छोटी टॉर्च. गोळे कॉलनीत औषधांचीच दुकानं ओळीने आहेत, तिथे एका फेरीत सगळं मिळतं; नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला यादी द्या.

कापूस मी मुद्दाम ठेवत नाही. उघड्या जखमेवर त्याचे तंतू चिकटतात आणि काढताना पुन्हा रक्त येतं. जखम धुवायला वाहतं पाणी आणि आजूबाजूला साबण पुरतो. पोविडोन आयोडीनच्या जंतुनाशक मलमाची एक ट्यूब असू द्या, पण ती धुण्याच्या नंतर, धुण्याच्या ऐवजी नाही. रक्त थांबत नसेल तर गॉज ठेवून सलग दहा मिनिटं दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. गॉज भिजला तर त्याच्यावरच दुसरा. काच किंवा पत्रा खोल रुतला असेल तर उपसायचा नाही, बाजूने आधार देऊन दवाखाना गाठायचा. कुत्रं चावलं असेल तर डब्याआधी नळ: साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, तिखट, चुना काहीही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जायचं.

भाजल्यावर लावायचं काही माझ्या डब्यात नाही. भाजलं की नळाचं साधं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आत काढायच्या. बर्फ नाही, शाई नाही, टूथपेस्ट नाही. फोड फोडायचा नाही. हे पटवायला मला सासूबाईंशी तीन दिवाळ्या वाद घालावा लागला; अनारसे तळताना तेल उडालं की त्यांचा हात अजूनही आधी टूथपेस्टकडेच जातो.

पाय मुरगळण्यासाठी दहा सेंटिमीटरचं क्रेप बँडेज. शिवाय जुन्या सुती साडीचा मीटरभराचा चौकोन कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका कापला की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात, धुऊन इस्त्री करून घडी घाला. हाताची झोळी, डोक्याचं बँडेज, काही नसेल तेव्हा मोडलेल्या पायाला काठीचा आधार, सगळं त्यात होतं. विकतच्यापेक्षा हीच बरी, कापड मऊ असतं.

गोळ्या थोड्याच. तापाला पॅरासिटामॉल, अंगावर गांधी उठल्या किंवा खाज सुटली तर सेटिरिझिन, आणि आपल्या डॉक्टरांनी सांगितली असेल तर पित्ताची एखादी. पावसाळ्यात ताप आला की आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घरच्या घरी घेऊ नका; डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं हा अंदाजपंचे कारभार आहे. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून लिहून घेऊन बाटलीवर चिकटवा.

जलसंजीवनीची (ओआरएसची) पाकिटं मात्र सहा तरी हवीत. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, छोटं एका ग्लासाचं. पाकिटावर वाचून तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट टाकायचं, अंदाजाने चमचा चमचा नाही. एकदा कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा चमचे आणि मिठाचा अर्धा, सगळे चहाच्या चमच्याने आणि सपाट. दुकानातलं गोड फळांचं पेय म्हणजे जलसंजीवनी नव्हे. जुलाबात जास्तीची साखर उलट त्रास वाढवते.

इथपर्यंतचा डबा कुणाचाही असेल. पुढचा भाग ज्याचा त्याचा. सासऱ्यांना मधुमेह आहे, म्हणून साखर उतरून घाम फुटला, हात थरथरायला लागले की लगेच खायला ग्लुकोजची पुडी. तीन चमचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही. इन्सुलिन फ्रीजमध्येच, पण ते कुठल्या कप्प्यात आहे ते डब्याच्या झाकणावर लिहिलंय. मुलाला दम्याचा त्रास, त्याचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी). छातीत दुखलं तर कुठली गोळी घ्यायची हे सासऱ्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, ती गोळी आणि ती चिठ्ठी एकाच पाकिटात. शेजाऱ्यांकडची जिभेखालची गोळी उसनी घ्यायची नाही. रक्तदाब आधीच कमी असेल तर ती घात करते.

आणि कागद. मला विचाराल तर डब्यातली सगळ्यात कामाची वस्तू हीच. एका कागदावर पाच जणांची नावं, रक्तगट, चालू औषधं, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी, धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी, आणि ठळक १०८ व ११२. मराठीत, मोठ्या अक्षरात, मार्करने. फोनमध्ये सगळं आहे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की फोन बऱ्याचदा जखमी माणसाच्याच खिशात असतो, आणि त्याला पासवर्ड असतो. खाली पत्ताही लिहा, खुणेच्या देवळासकट. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या सोसायटीचं नाव आठवत नाही.

बाहेर जाताना हा डबा उचलून न्यायचा नाही, त्याचं पिल्लू वेगळं. मुलगा मित्रांच्या घरच्यांबरोबर अंजनेरी, रामशेज असे गड करतो, हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर जायचं त्याचं टुमणं आहे. त्याच्या पिशवीत क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, मोठे गॉज, जलसंजीवनी, शिट्टी आणि चमकणारी पन्नीची चादर, सगळं झिपच्या पिशवीत, कारण त्र्यंबकच्या पावसात कुठलीही सॅक कोरडी राहत नाही. गडावर मधमाश्या उठल्या तर आधी लांब पळायचं, मग नखाने काटे खरवडायचे. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर सेटिरिझिनवर विसंबायचं नाही, थेट १०८.

दिंडोरीला दिराची द्राक्षबाग आहे. तिथल्या शेडमध्ये डब्यापेक्षा पाण्याचा पिंप आणि साबण महत्त्वाचा. फवारणीचं औषध डोळ्यात उडालं तर वीस मिनिटं पाण्याची धार, अंगावर सांडलं तर कपडे काढून अंघोळ, पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, आणि दवाखान्यात बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्यायचं. छाटणीच्या कात्रीने बोटं कापतात, त्यासाठी गॉज. सर्पदंशासाठी दोन रुंद क्रेप बँडेज आणि एक सपाट फळी: पाय हलू नये म्हणून बांधायचा, रक्त अडेल इतका आवळायचा नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. जोडवी, पैंजण लगेच काढायचे. घोणस होती की मण्यार हे ठरवायला तिच्यामागे कुणी धावू नये; आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकत्र चालतं.

गाडीत पट्ट्या ठेवा, गोळ्या नका. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत अर्ध्या तासात हात लावता येत नाही इतकं तापतं. कसारा घाटात कुणाचा अपघात दिसला तर थांबायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत, कलम १३४अ मध्ये, मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही नाही.

२०२७ च्या सिंहस्थाला आमच्याकडे नागपूरची मंडळी उतरणार आहेत, ती एव्हापासूनच फोनवर दिवस मोजतायत. त्यांच्यासाठी वाढीव जलसंजीवनी, पायांच्या फोडांना पट्ट्या, आणि प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात आमचा पत्ता-फोन लिहिलेलं कार्ड, एवढं मी यादीत आताच घालून ठेवलंय.

तपासणी वर्षातून दोनदा: एकदा जूनच्या पहिल्या रविवारी, एकदा दसऱ्याला आयुधं पुसताना. तेव्हा मी मुलाला आवाज देते, ‘आजोबांचा घोळणा फुटलाय!’ तो धावत डबा आणतो, आजोबांना पुढे वाकवून बसवतो, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरतो. आजोबा मान मागे टाकून कांदा मागत राहतात.

मागच्या दसऱ्याला डबा उघडला तर गॉजखाली कागदाची पुडी निघाली, हळदीची. मी ती मुकाट्याने स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. आठ दिवसांनी पाहिलं, पुडी परत डब्यात.